सरकारी सेवकाचे समाधान कशात असते?



उत्सवाची पालखी मंदिरात परत येते, महाप्रसादाच्या पंगती उठतात, दिवे एकेक करून मालवले जातात, आणि तरीही अग्रशाळेच्या एका खोलीत दोघेतिघे जण पावतीपुस्तके, सुटी नाणी आणि नोटांच्या चवडी पुढ्यात घेऊन बसलेले असतात. त्यांत बहुधा एखादा सरकारी कचेरीतला कारकून असतोच. पहाटेपासून तो उभा असतो. पाय सुजलेले असतात, डोळे मिटू पाहतात. परंतु जमाखर्चात पाच रुपयांची तफावत निघाली तर ती सापडेपर्यंत हा गृहस्थ जागचा उठत नाही. त्याला या कामाचा मोबदला नाही, जादा कामाचा भत्ता नाही, गोपनीय अहवालात चांगला शेरा पडण्याचीही आशा नाही. हाच गृहस्थ सोमवारी आपल्या कचेरीत जाऊन बसतो, आणि अकराच्या सुमारास समोरच्या फायलीकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. खिडकीबाहेर ताटकळलेले लोक त्याला आळशी म्हणतात. पण आळशी मनुष्य मध्यरात्री पाच रुपयांसाठी जागत नाही. तेव्हा एकाच माणसाच्या ठिकाणी ही दोन रूपे का दिसावीत, सरकारी सेवकाला आपल्या कामात समाधान कशाने लाभते आणि ते कशाने नाहीसे होते, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय होय.

महाजन मंडळींपुढे हा विषय मांडण्यास औचित्य आहे. ज्या घराण्यातले एकही माणूस सरकारी नोकरीत शिरले नाही, असे घराणे या सभामंडपात शोधूनच काढावे लागेल. कोणी मामलेदार कचेरीत, कोणी शिक्षण खात्यात, कोणी टपालात, कोणी वीज खात्यात. मुलीसाठी स्थळ पाहताना "सरकारी नोकरी आहे" या तीन शब्दांवर पुढची चौकशी थांबते. पगार, निवृत्तिवेतन आणि निश्चिंती हे सर्व त्या तीन शब्दांत आले असे धरले जाते. नोकरी करणाऱ्याला तीत काय वाटते हे मात्र कोणी विचारीत नाही, आणि तोही आपण होऊन सांगत नाही.

विद्वानांनी हा प्रश्न विचारला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग व त्यांचे दोन सहकारी यांनी पिट्सबर्ग शहराच्या परिसरातील सुमारे दोनशे अभियंते व हिशेबनीस यांना अगदी साधी गोष्ट विचारली. कामावर असताना फार बरे वाटले असा प्रसंग सांगा, आणि फार वाईट वाटले असाही प्रसंग सांगा. त्यावरील ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला. बरे वाटल्याच्या हकिकतींत वारंवार आले ते हातून काही तडीस गेल्याचे, कोणी त्याची दखल घेतल्याचे, कामच मनाजोगते असल्याचे, जबाबदारी अंगावर पडल्याचे प्रसंग. वाईट वाटल्याच्या हकिकतींत आले ते कारभाराचे नियम, साहेबाची वागणूक, पगार, सहकाऱ्यांशी उडालेले खटके आणि बसण्याउठण्याची गैरसोय. यावरून हर्झबर्ग यांनी असा निष्कर्ष काढला, की समाधान आणि असमाधान या एकाच मापाच्या दोन बाजू नव्हेत. कचेरीचे गळके छप्पर दुरुस्त केल्याने कारकुनाची तक्रार जाते. त्याला कामाची गोडी लागते असे नाही.

या निष्कर्षावर पुढे पुष्कळ टीका झाली, व ती रास्तही आहे. मनुष्य यशाचे श्रेय स्वतःकडे घेतो आणि अपयशाचे खापर साहेबावर फोडतो, हे कळण्यास मानसशास्त्राची पदवी नको. शिवाय ती मंडळी कारखानदारीतली होती; सरकारी कचेरीची हवा निराळी. तरीसुद्धा तक्रार नसणे म्हणजे समाधान असणे नव्हे, ही एक गोष्ट त्या ग्रंथापासून चर्चेत कायमची रुजली.

पगाराला कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. १९४७ साली पहिल्या वेतन आयोगाने केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या नोकराला महागाई भत्ता धरून दरमहा ५५ रुपये मिळावेत असे सुचविले. सातव्या आयोगानुसार १ जानेवारी २०१६ पासून किमान पगार १८,००० रुपये झाला. या दोन आकड्यांच्या मध्ये महागाई आहे, तसेच १९६० च्या जुलैमधील केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपासारखे लढेही आहेत. ज्याच्या घरी महिन्याच्या वीस तारखेलाच डबे रिकामे होतात, त्याला कामातल्या गोडीचे प्रवचन ऐकविणे हा क्रूरपणाच ठरेल.

परंतु पगाराचा आणि समाधानाचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात न्यायालयाच्या निर्णयामुळे सरकारी नोकरांचे पगार जाहीर करणे शक्य झाले, आणि २००८ साली एका वृत्तपत्राने ते कोणालाही पाहता येतील असे मांडले. तेव्हा चार अर्थशास्त्रज्ञांनी त्या राज्याच्या विद्यापीठातील काही नोकर जणू चिठ्ठ्या टाकून निवडले व त्यांना ही माहिती कोठे पाहावयास मिळते ते कळविले. २०१२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष ऐकण्यासारखा आहे. ज्यांचा पगार आपल्या विभागातील बरोबरीच्या लोकांच्या मध्यापेक्षा कमी निघाला त्यांचे समाधान घटले, आणि दुसरी नोकरी पाहावी असा विचार त्यांच्या मनात बळावला. ज्यांचा पगार जास्त निघाला त्यांचे समाधान मात्र तिळभरही वाढले नाही. पंगतीत शेजाऱ्याच्या पानावर पडलेला जादा लाडू डोळ्यांत सलतो. आपल्या पानावरचा जादा लाडू हा आपला हक्कच वाटतो.

इंडोनेशियात याहून मोठा प्रयोग झाला. तेथील सरकारने २००५ च्या कायद्याने पात्र ठरणाऱ्या शिक्षकांचा मूळ पगार दुप्पट करण्याचे ठरविले. ३६० शाळा घेऊन संशोधकांनी याचा परिणाम तपासला व तो २०१८ साली प्रसिद्ध केला. शिक्षक आपल्या पगाराविषयी अधिक समाधानी झाले, पैशाची विवंचना कमी झाली, जोडधंदे करणारेही कमी झाले. पण दोनतीन वर्षांनी मुलांच्या शिकण्यात पाहावे तर काहीच फरक नव्हता. शिक्षकांचे पगार वाढवू नयेत असा याचा अर्थ कोणी घेऊ नये; इतक्या घरांतली काळजी हलकी झाली हे काय थोडे झाले? पगाराने पगाराविषयीचे समाधान मिळते, एवढाच याचा अर्थ. वर्गाच्या दाराच्या आत काय घडते त्याचा हिशेब निराळा असतो.

हा निराळा हिशेब सर्वांत बारकाईने मांडला गेला तो लंडनमध्ये, आणि तोही मूळचा हेतू दुसराच असताना. लंडनच्या व्हाइटहॉल नावाच्या रस्त्यावर ब्रिटिश सरकारची प्रमुख खाती आहेत. त्यावरून तेथील नोकरशाहीलाच व्हाइटहॉल म्हणण्याचा प्रघात पडला आहे. १९६७ साली डॉक्टरांच्या एका मंडळाने तेथील सुमारे १८,००० पुरुष नोकरांची तपासणी हाती घेतली. शोध चालला होता हृदयविकाराचा. त्या काळी सर्वसाधारण समज असा होता, की हृदयविकार हा मोठ्या साहेबांचा रोग. ज्याच्या शिरावर निर्णयांचे ओझे त्याच्या छातीत कळ. खालचा नोकर बिचारा निर्धास्त, पाच वाजता घरी जाणारा, त्याला कसला रोग होतो!

दहा वर्षांतील मृत्यूंची नोंद जुळविली तेव्हा चित्र नेमके उलटे निघाले. निरोप्ये, पहारेकरी अशा सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होते. गोष्ट निरोप्यांपुरतीच असती तर गरिबीकडे बोट दाखवून विषय मिटविता आला असता. परंतु मधल्या श्रेणींतही तीच उतरंड दिसली. वरिष्ठांच्या खालोखाल असणारा, स्वतःचे घर असलेला, खाऊनपिऊन सुखी, निवृत्तिवेतनाचा हक्कदार असा मनुष्यदेखील त्याच्या वरच्या श्रेणीतील मनुष्यापेक्षा आधी जात होता. त्याच्या खालचा कारकून त्याहून आधी. खालच्या श्रेणींत धूम्रपान अधिक होते हे खरे. पण धूम्रपान, रक्तदाब, रक्तातील चरबी हे सर्व हिशेबात घेऊन वजा केले तरी निम्म्याहून अधिक फरक शिल्लकच राहिला. हे सगळे लोक एकाच शहरात राहणारे, एकाच सरकारचे नोकर. उपासमार कोणाचीच नव्हती. मग उरलेला फरक कशाचा?

याच्या शोधासाठी १९८५ साली दुसरी पाहणी सुरू झाली. वीस खात्यांतील ३५ ते ५५ वयाचे १०,३०८ नोकर तीत होते, व या वेळी स्त्रियांचाही समावेश होता. डॉक्टर मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखालील या पाहणीत रक्तदाबाबरोबर नोकरीचीही नाडी पाहिली गेली. काम कसे करावे हे ठरविण्यात तुमचे काही चालते का? विसावा केव्हा घ्यायचा ते तुमच्या हाती आहे का? कामातून नवे काही शिकावयास मिळते का? की तेच ते पुनःपुन्हा करावे लागते? असे प्रश्न विचारून मग वर्षानुवर्षे त्याच माणसांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवले गेले.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, आपल्या कामात आपले काही चालत नाही असे जे नोकर सांगत आले होते, त्यांना हृदयविकार जडण्याचा संभव इतरांच्या जवळजवळ दुप्पट होता. कोणी म्हणेल, काही लोक स्वभावानेच कुरकुरे असतात, त्यांच्या म्हणण्यावर काय भरवसा? संशोधकांनाही ही शंका होतीच. म्हणून कोणत्या जागेवरच्या माणसाला कितपत मुभा असते याचा अंदाज त्यांनी व्यवस्थापकांकडूनही घेतला होता. त्या अंदाजाने पाहिले तरी धोका वाढलेलाच दिसला. कामाच्या बोज्याचा मात्र हृदयविकाराशी असा संबंध त्यात आढळला नाही. आपण हळहळतो ती मेजावरच्या फायलींचा ढीग पाहून. ढीग उपसण्याची रीत ज्याच्या स्वतःच्या हाती असते तो रात्री दमून झोपतो; ज्याला केवळ हुकमाप्रमाणे कागद इकडचा तिकडे करायचा असतो तो दिवसा न दमताही रात्री जागाच राहतो. रॉबर्ट करासेक यांनी अमेरिका व स्वीडनमधील कामगारांच्या माहितीवरून १९७९ साली मांडलेले सूत्रही याच दिशेचे होते. ते मनावरील ताणापुरते होते. व्हाइटहॉलने त्याचा हिशेब आयुष्याच्या वर्षांत करून दाखविला.

मुभा नाही पण निश्चिंती तर आहे, असे समाधान मानण्याची आपल्याकडे रीत आहे. निश्चिंतीचे मोलही याच पाहणीने दाखविले. तिच्यातील एका खात्याचे खासगीकरण व्हायचे ठरले. अद्याप कोणाची जागा गेलेली नव्हती, पगार कमी झालेला नव्हता. आली होती ती नुसती वार्ता. पण इतर खात्यांतील नोकरांशी तुलना करता त्या खात्यातील नोकरांचे स्वास्थ्य, त्यांच्याच सांगण्यावरून, ढासळू लागले होते. हा अहवाल १९९५ चा. आज आपल्याकडे कित्येक कचेऱ्यांत एकाच मेजाच्या एका बाजूस कायम नोकर आणि दुसऱ्या बाजूस दरवर्षी मुदत वाढवून घेणारा कंत्राटी नोकर बसतो. काम तेच, वही तीच; फरक झोपेचा.

मुभा या शब्दाखाली त्या संशोधकांनी दोन गोष्टी मोजल्या होत्या. एक, आपल्या कामात आपले चालणे. आणि दुसरी, आपल्या अंगच्या कसबाला वाव असणे. ही दुसरी गोष्ट गोमंतकीयांना समजावून घेण्यासाठी लंडनला जाण्याची गरज नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. जुन्या राजवटीतील नोकरांना नव्या सेवेत सामावून घेण्याविषयीचा कायदा १९६५ साली संसदेने केला. 'अ‍ॅब्सॉर्ब्ड एम्प्लॉईज' हे शब्द त्या कायद्याच्या नावातच आहेत. सामावून घेतलेल्यांची खुर्ची राहिली, पगार राहिला. पण फायलीची भाषा पोर्तुगीजची इंग्रजी झाली. लिसेवात पोर्तुगीजबरोबर फ्रेंच आणि लॅटिनचे पाठ गिरविलेला, रिकेरिमेंताचा मसुदा एका बैठकीत उतरविणारा, कोणते कलम कोणत्या 'बोलेतीं ओफिसियाल'मध्ये आले ते तोंडपाठ सांगणारा अमानुएन्स, 'विथ रेफरन्स टु युअर लेटर' एवढ्या ओळीसाठी काल नोकरीस लागलेल्या मुलाकडे मान वाकवून जाऊ लागला. मुक्तीचा आनंद ज्यांना मनापासून झाला होता त्यांनाही हे शल्य चुकले नाही. आनंदही खरा होता आणि शल्यही खरे होते. काहींनी रात्री दिव्याखाली इंग्रजी शिकून पुन्हा आपली बैठक जमविली. काही जण निवृत्त होईपर्यंत आवक-जावक वहीमागे बसून राहिले. सरकारी तक्त्यात या दोघांची नोंद सारखीच: सेवा अखंड.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो टाळून चालणार नाही. कारकुनाला मुभा म्हणजे चिरीमिरीला मुभा, असे खिडकीबाहेरचा मनुष्य म्हणेल, व त्याचा अनुभव त्याच्या बाजूने साक्ष देईल. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ मायकेल लिप्स्की यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हेच दाखविले, की शिक्षक, पोलीस शिपाई आणि खिडकीमागचा नोकर हेच सामान्य माणसाच्या लेखी सरकार होय. कायदा काहीही म्हणो, प्रत्यक्षात कोणाला काय व केव्हा मिळते ते पुष्कळदा हेच ठरवितात. तेव्हा मुभेमुभेत भेद केला पाहिजे. दाखला द्यायचा की नाही हे नियमाने ठरावे, तेथे कारकुनाची मर्जी नको. पण तो दाखला लवकर व बिनचूक कसा तयार करावा, वही कशी आखावी, कोणते अर्ज सकाळी घ्यावेत आणि कोणते दुपारी, हे त्या वहीवर दहा वर्षे बसलेल्या माणसाइतके दुसऱ्या कोणाला कळणार? आपल्या कचेऱ्यांत नेमके उलटे दिसते. नमुन्यातील एक रकाना बदलायचा तर वरून परवानगी यावी लागते. अर्जदाराला "उद्या या" म्हणावयास कोणाचीच परवानगी लागत नाही. मुदतीत सेवा देण्याचा कायदा गोव्यात २०१३ साली झाला, तो या दुसऱ्या मुभेला लगाम घालण्यासाठी. लगाम हवाच होता. पहिली मुभा देण्याचा कायदा मात्र अजून कोणाला सुचलेला नाही.

बदलीचेही तसेच. राजस्थानात पोलीस ठाण्यांवर काही सुधारणांचा प्रयोग झाला होता. मनमानी बदल्या थांबविणे व नोकरीत असताना शिक्षण देणे या दोन गोष्टींचा चांगला परिणाम दिसला. ज्या सुधारणा ठाण्यावरील अंमलदाराच्या इच्छेवर अवलंबून होत्या, साप्ताहिक सुट्टीही त्यांतच आली, त्या बहुतांशी कागदावरच राहिल्या. ज्याला आपला पुढचा पावसाळा कोणत्या गावी काढायचा हे ठाऊक नाही, तो आपल्या कामात जीव गुंतवील तरी कसा?

आता उरते एक गोष्ट, आणि तिच्याकडे सरकारी खात्यांचे लक्ष सर्वांत कमी जाते. पोर्तुगीज अमदानीत, सालाझारच्या राजवटीत, प्रत्येक सरकारी पत्राच्या शेवटी 'आ बेंय द नासांव' असे लिहिण्याचा दंडक होता. राष्ट्राच्या हितार्थ! पत्र शाईच्या दौतीविषयी असो की रजेच्या अर्जाविषयी, शेवटी राष्ट्राचे हित आलेच. पुढे इंग्रजी आली आणि त्या जागी 'युअर्स फेथफुली' बसले. ज्याच्या हितासाठी हे पत्र लिहिले तो मनुष्य मात्र लिहिणाऱ्याला तेव्हाही दिसत नव्हता आणि पुढेही दिसला नाही. सरकारी नोकरीकडे काही माणसे लोकांच्या उपयोगी पडावे या ओढीनेच वळतात, असे जेम्स पेरी व लोइस वाइज या अमेरिकन अभ्यासकांनी १९९० साली मांडले व त्यावर पुढे जगभर अभ्यास झाला. पण ही ओढ घेऊन आलेला मुलगा पाच वर्षांत कोरडा का पडतो, याचे उत्तर अ‍ॅडम ग्रँट यांच्या २००७ मधील एका लहानशा प्रयोगात सापडते. एका विद्यापीठासाठी दूरध्वनीवरून देणग्या मागणारे काही नोकर होते. रोज नकार ऐकण्याचे काम. त्यांतील काहींची, अशाच देणगीतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटे भेट घालून दिली. पगार तोच, खोली तीच, साहेब तोच. महिन्याने पाहिले तर भेट झालेले नोकर पूर्वीच्या दुपटीहून अधिक वेळ फोनवर बोलत होते, आणि त्यांनी मिळविलेल्या देणग्या अडीचपटीहून अधिक झाल्या होत्या. हे सरकारी नोकर नव्हते हे लक्षात ठेवले तरी, खिडकी आणि मेज यांच्यामधल्या अंतराविषयी त्यातून पुष्कळ कळते.

अग्रशाळेत पाच रुपये शोधणाऱ्या त्या कारकुनाकडे आता पुन्हा पाहावे. मोजणी कोणत्या क्रमाने करायची हे तो स्वतः ठरवितो. आकडेमोडीतले त्याचे कसब तेथे सर्वांना ठाऊक असते आणि नड पडली की त्यालाच हाक येते. हा पैसा कोणाचा, कोणत्या आजीने कनवटीची गाठ सोडून तो दिला, हे त्याने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलेले असते. तफावत सापडली की खजिनदार आणि मुखत्यार झोपेतून उठून वही पाहायला येतात. यांतले काय काय त्याच्या कचेरीत आहे? आपल्यापैकी जे कोणी खात्याचे अधिकारी आहेत किंवा होते, त्यांनी हा ताळा आपल्या हाताखालच्या माणसांपुरता तरी करून पाहण्यासारखा आहे. वहीचा रकाना बदलू द्यायला खजिन्यातून एक पैसाही लागत नाही.

आणि अशा कचेऱ्या मुळीच नाहीत असेही नाही. तालुक्याच्या नोंदणी कचेरीत जुन्या राजवटीतील जन्मनोंदींच्या जाडजूड वह्या असतात. पोर्तुगीज हस्ताक्षर, वळणदार आणि फिकट. वाळवीने खाल्लेल्या कडा. एकच नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेले. कोणी लिस्बनच्या कागदपत्रांसाठी आजोबांची नोंद शोधीत येतो, कोणी वाटणीच्या दाव्यासाठी, कोणी नुसते निवृत्तिवेतनाच्या कागदावरचे वय जुळत नाही म्हणून. ती अक्षरे वाचता येणारी माणसे आता थोडी उरली आहेत. ज्या कचेरीत असा एखादा नोकर आहे तेथे त्याच्या हाताखाली एखाद्या तरुणाला बसवून ते वाचन शिकवून घ्यावे, एवढेही अनेकदा कोणाला सुचत नाही. तो मात्र शिपायाकडून वही मागवीत नाही. स्वतः उतरवून आणतो, धूळ झाडतो, चष्मा कपाळावर सरकवून पान नाकाशी नेतो. बाहेर बाकावर एखादी वृद्ध बाई आपल्या जन्माचे वर्ष नक्की कोणते ते कळण्याची वाट पाहत बसलेली असते. नोंद सापडते. मग तो उठून खिडकीशी येतो आणि तिला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारतो.